उपाहारगृहातील बूथ : प्रकार, मापे आणि बांधणी

उंच पाठीची दोन गादीदार बाके समोरासमोर, त्यांच्यामध्ये टेबल आणि हे सगळे जमिनीला किंवा भिंतीला पक्के बसवलेले, अशा बैठकीला उपाहारगृहाच्या व्यवसायात बूथ म्हणतात. महाराष्ट्रातल्या हॉटेलांत गिऱ्हाईक आणि वेटर दोघेही तिला बहुधा ‘सोफा’ म्हणतात. टेबल-खुर्च्यांहून ही बैठक वेगळी ठरते ती गादीमुळे नव्हे, तर जागची हलत नाही म्हणून. खुर्ची ज्याची त्याला हवी तशी पुढे-मागे ओढता येते. चौघांच्या टेबलाला पाचवी खुर्ची लावता येते आणि दोन टेबले जोडली की आठजण एकत्र बसतात. बूथमध्ये यातले काहीच जमत नाही. त्या बदल्यात गिऱ्हाइकाला आडोसा मिळतो आणि मालकाची जागा वाचते. बूथचे प्रकार, त्याची मापे, त्याची बांधणी आणि त्याचे दोष या सगळ्यांच्या मुळाशी ही देवघेव आहे.

आडोशाची परंपरा

अठराव्या शतकात लंडनच्या कॉफीगृहांत आणि खानावळींत लांब सामायिक टेबलांच्या जोडीला उंच लाकडी पाठींची, खोक्यासारखी बैठक आली. व्यापारी आणि वकील तिथे बसून खात-पीत आणि सौदेही करीत. आयर्लंडमधील मद्यगृहांत हाच आडोसा आणखी बंदिस्त झाला. बेलफास्टचे ‘क्राउन लिकर सलून’ हे व्हिक्टोरियन काळातले मद्यगृह त्याचा उत्तम नमुना आहे. तिथे ‘ए’पासून ‘जे’पर्यंत अक्षरे दिलेल्या दहा छोट्या लाकडी खोल्या आहेत. प्रत्येकीला दार आहे, नोकराला बोलावण्यासाठी घंटेची सोय आहे आणि काडी ओढण्यासाठी धातूची पट्टीही आहे. ही वास्तू १९७८ साली ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने विकत घेऊन जतन केली.

आज जगभर दिसणारा बूथ मात्र अमेरिकेतल्या ‘डायनर’मधून आला. १८७२ साली ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या विक्रेत्याने घोडागाडीतून रात्री खाणे विकायला सुरुवात केली. अशा गाड्यांचीच पुढे एका जागी उभी राहणारी उपाहारगृहे झाली. ती कारखान्यात तयार होऊन रेल्वेने किंवा रस्त्याने जागेवर नेली जात, त्यामुळे त्यांची रुंदी वाहतुकीला झेपेल इतकीच ठेवावी लागे. आत एक लांब काउंटर आणि त्यापुढे स्टुलांची रांग असे. स्टुलावर बसून जेवणारे गिऱ्हाईक बहुतेक पुरुष असत. १९२० च्या दशकात मालकांनी स्त्रिया आणि कुटुंबे यावीत म्हणून बूथ बसवायला सुरुवात केली आणि बूथची सोय असल्याच्या पाट्या बाहेर लावल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हायनिलचे चकचकीत आच्छादन आणि लॅमिनेटचे टेबल यांमुळे बूथ पुसायला सोपा आणि बनवायला स्वस्त झाला. महामार्गांवरच्या साखळी उपाहारगृहांनी तो सर्वत्र नेला.

भारतातही या बैठकीला जवळची अशी सोय होती. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत दर्शनी भागात संगमरवरी टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या असत, तर आतल्या बाजूला किंवा माळ्यावर लाकडी आडभिंतींचे ‘फॅमिली रूम’ असत. कोलकात्यात पडदे लावलेल्या अशा कप्प्यांना केबिन म्हणत आणि कॉलेज स्ट्रीटवरच्या ‘दिलखुशा केबिन’सारख्या कित्येक उपाहारगृहांच्या नावातच तो शब्द आला. या सर्व ठिकाणी एक समान कारण दिसते. सार्वजनिक खाण्याच्या जागा आधी पुरुषांच्या होत्या. बायका-मुले तिथे येऊ लागली, तेव्हा चारचौघांच्या नजरेपासून आडोसा देणारी बैठक लागली. पूर्ण बंद केबिन आता मागे पडल्या आहेत. बूथने त्यांचा आडोसा ठेवला आणि दार काढून टाकले.

हा आडोसा माणसाला का आवडतो, याची चर्चा अभ्यासकांनीही केली आहे. ब्रिटिश भूगोलज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ साली मांडलेल्या विचारानुसार, आपण स्वतः झाकलेले असावे पण समोरचे सगळे दिसावे, अशी जागा माणसाला मुळातच सुखावते. पाठीशी भिंत आणि समोर दालन असा बूथ त्या वर्णनात नेमका बसतो. मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५७ साली माणसांना एकमेकांकडे वळवणारी आणि एकमेकांपासून दूर ठेवणारी असे जागांच्या मांडणीचे दोन वर्ग केले होते. समोरासमोरची बाके पहिल्या वर्गात मोडतात, तर एका रांगेतले स्टूल दुसऱ्यात.

मुख्य प्रकार

बूथचे वर्गीकरण प्रामुख्याने बाकाच्या आकारावरून होते.

एकेरी बूथ : याला एकाच बाजूने बसता येते आणि पाठीची मागची बाजू भिंतीला लागते. ती दिसत नसल्याने तिच्यावर आच्छादन चढवावे लागत नाही. रांगेच्या सुरुवातीला आणि शेवटी हाच प्रकार लागतो. रांगेचे टोक उघड्यावर येत असेल, तर मागच्या बाजूलाही लॅमिनेट किंवा लाकडी पट्टी लावतात.

दुहेरी बूथ : यात दोन बाके पाठीला पाठ लावून एकाच सांगाड्यावर बांधलेली असतात. एकाच पाठीवर दोन टेबलांची माणसे टेकतात. रांगेच्या मधल्या सर्व जागांसाठी हा प्रकार वापरतात. सांगाडा एकच असल्याने लाकूड आणि जागा दोन्ही वाचतात. मात्र बांधणी कच्ची असेल, तर एका बाजूचा माणूस दणकन टेकला की धक्का पलीकडच्याला बसतो.

भिंतीलगतचे सलग बाक : यात एक लांब गादीदार बाक भिंतीच्या कडेने जाते, त्याच्यापुढे सुटी टेबले ठेवतात आणि टेबलांच्या दुसऱ्या बाजूला सुट्या खुर्च्या असतात. पॅरिसच्या ब्रासेरींमध्ये ही जुनी पद्धत आहे. तिथे बाकाच्या वर आरसे लावतात, म्हणजे भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसलेल्यालाही दालन दिसते. बाक स्थिर पण टेबले सुटी असल्याने दोघांची टेबले जोडून सहाजणांची सोय करता येते. बूथची ऊब आणि खुर्च्यांचा लवचीकपणा यांचा हा मध्यम मार्ग आहे. त्याबदल्यात शेजारच्या टेबलाशी आडोसा राहत नाही. बाकावर जाण्यासाठी दोन टेबलांमध्ये निदान एक फूट फट लागते. ती कमी असेल, तर वेटरला टेबल ओढून वाट करून द्यावी लागते.

कोपऱ्याचे बाक : एल अक्षराच्या आकाराचे हे बाक एरवी वाया जाणारा कोपरा वापरात आणते. नेमक्या काटकोनात बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे आसनांच्या मोजणीत कोपरा धरत नाहीत.

तिन्ही बाजूंचे बाक : यू अक्षरासारख्या या बैठकीत सहा ते आठजण बसतात. मोठी कुटुंबे आणि कार्यालयीन बैठका यांसाठी ती सोयीची असते. आतल्या माणसाला बाहेर यायचे झाले, तर एका बाजूच्या सर्वांना उठावे लागते.

गोल बूथ : अर्धवर्तुळाकार किंवा पाऊण वर्तुळाकार बाक आणि मध्ये गोल टेबल अशी याची रचना असते. यात कोणी टोकाला पडत नाही, सर्वांची तोंडे सर्वांना दिसतात आणि तीन, पाच अशी विषम संख्याही अवघडत नाही. पाऊण वर्तुळात आडोसा सर्वांत जास्त मिळतो, म्हणून दालनातली मोक्याची जागा बहुधा त्याला देतात. हा प्रकार महागही असतो. प्लायवूड वाकवावे लागते, गादीचे कापड पाचरीसारख्या तुकड्यांत कापून शिवावे लागते आणि वर्तुळामागचे कोपरे रिकामे राहतात.

मापांचा हिशेब

खुर्चीचे माप थोडे चुकले, तरी बसणारा सावरून घेतो. बूथचे माप चुकले, तर ती चूक प्रत्येक गिऱ्हाइकाला रोज भोगावी लागते.

आसनाची उंची जमिनीपासून साधारण १८ इंच आणि टेबलाची ३० इंच ठेवतात. मांड्या सहज आत जाव्यात आणि कोपर टेबलावर टेकावे, यासाठी दोघांत सुमारे १२ इंचांचे अंतर लागते. फोम बसल्यावर दबतो, हे सुताराने आधीच धरावे लागते. गादी फार मऊ असेल तर माणूस दोन इंच खाली जातो आणि टेबल छातीशी येते. ठेंगण्या माणसांना आणि मुलांना हा त्रास विशेष होतो.

आसनाची खोली सुमारे १८ इंच असते. ती यापेक्षा बरीच वाढवली, तर पाठ टेकताच गुडघ्यामागे कड रुतते. खोली कमी केली, तर मांडीला आधार उरत नाही. पाठ आसनाशी काटकोनात न ठेवता किंचित मागे कलती ठेवतात. हा कल जेवणाच्या टेबलापाशी थोडाच चालतो. घरच्या सोफ्याइतका कल दिला, तर प्रत्येक घासाला पुढे वाकावे लागते.

टेबलाची कड आसनाच्या कडेवर दोनेक इंच पुढे आलेली असावी. या मापामुळे पाठ टेकूनही ताट जवळ राहते आणि सांडलेले अन्न अंगावर कमी पडते. एका बाकाची पाठीसह खोली २४ इंच धरली आणि टेबल २४ ते ३० इंच रुंद घेतले, तर दोन्ही बाजूंचे दोन-दोन इंच वजा जाऊन समोरासमोरच्या एका बूथला सुमारे पावणेसहा ते सव्वासहा फूट जागा लागते.

लांबीच्या दिशेने दरमाणशी २४ इंच धरतात, म्हणजे चौघांच्या बूथमध्ये बाक चार फुटांचे होते. टेबल त्याहून थोडे आखूड ठेवतात आणि मार्गिकेकडचे त्याचे कोपरे गोल करतात, कारण आत सरकताना कंबर तिथेच आपटते. सहाजणांचा बूथ सहा फुटांपर्यंत जातो, पण या लांबीत भिंतीकडच्या माणसापर्यंत वेटरचा हात नीट पोहोचत नाही आणि ताटे हातोहात पुढे सरकवावी लागतात. म्हणून सहाहून अधिक माणसांसाठी सरळ बूथ लांबवण्यापेक्षा गोल किंवा तिन्ही बाजूंचा बूथ घेणे बरे पडते.

बूथमुळे जागा वाचते ती बसणाऱ्याच्या मागे. खुर्चीतून उठायचे तर ती फूट-दीड फूट मागे सारावी लागते आणि ती जागा कायम मोकळी ठेवावी लागते. बूथमध्ये माणूस बाजूने सरकून बाहेर येतो, त्यामुळे पाठीमागे काहीच सोडावे लागत नाही आणि दुसरी बैठक तिथूनच सुरू होते. मार्गिका मात्र रुंद ठेवावी लागते. एका माणसाला तीन फूट पुरतात, पण ताटे घेतलेले दोन वेटर एकमेकांना ओलांडणार असतील, तर चार फूट लागतात.

टेबलाचा आधार हाही मापाचाच भाग आहे. चार पायांचे टेबल बूथमध्ये चालत नाही, कारण आत सरकणाऱ्याचे गुडघे पायांना अडतात. म्हणून मधोमध खांबाचा पाया वापरतात किंवा टेबलाचे एक टोक भिंतीला पक्के करून दुसऱ्या टोकाला एकच पाय देतात. दुसऱ्या पद्धतीत केर काढणेही सोपे जाते.

पाठीची उंची आणि घडण

बूथचे स्वरूप सर्वांत जास्त ठरते ते पाठीच्या उंचीवरून. बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४५ इंचांवर येतात. पाठ ३६ इंचांची असेल, तर ती खांद्याच्या आसपास थांबते. दालन मोकळे दिसते आणि कोणत्या टेबलाला काय हवे ते वेटरला दुरूनच कळते. ४२ इंचांच्या पाठीत मान टेकते आणि मागच्या बूथमधल्यांची डोकीच तेवढी दिसतात. ४८ इंच किंवा त्याहून उंच पाठ नजर पूर्ण अडवते. आणखी आडोसा हवा असल्यास पाठ न वाढवता तिच्यावर काच किंवा लाकडी जाळी लावतात. असे केले म्हणजे प्रकाश अडत नाही.

पाठीवरच्या शिवणीचेही प्रकार आहेत. सपाट पाठ सर्वांत स्वस्त आणि पुसायला सोपी असते. उभ्या पन्हळींची पाठ डायनरची आठवण देते आणि तिच्यातले कण ओल्या फडक्याने खाली उतरतात. आडव्या पन्हळींत मात्र ते प्रत्येक घडीवर साठतात. बटणे खोल ओढून केलेली चौकटीदार पाठ श्रीमंती दिसते, पण तिला कारागिरी जास्त लागते आणि बटणांच्या खळग्यांत धूळ बसते. आसनावर बटणे शक्यतो देत नाहीत. तिथे त्यांच्यात अन्नकण जातात आणि रोजच्या सरकण्याने ती तुटतात. पाठीच्या माथ्यावर गोल गादीची पट्टी देतात. डोके टेकायला तिचा उपयोग होतोच, शिवाय उठताना सर्वांचे हात तिथेच पडत असल्याने झीज तेवढ्या पट्टीपुरती राहते.

सांगाडा, गादी आणि आच्छादन

सांगाडा कठीण लाकडाचा किंवा प्लायवूडचा करतात. रोज जमीन धुतली जाते तिथे सांगाड्याचा खालचा भाग आधी कुजतो, म्हणून जमिनीलगतच्या तीन-चार इंचांना लॅमिनेट किंवा स्टीलची पट्टी लावून तो भाग थोडा आत घेतात. बुटांचे डाग आणि पोछ्याचे पाणी त्या पट्टीवरच थांबते. आसनाखालचा पोकळ भाग नीट बंद नसेल, तर झुरळांना आणि उंदरांना तिथे आयती जागा मिळते.

आसनाला नागमोडी स्प्रिंगांचा किंवा ताणलेल्या पट्ट्यांचा आधार देऊन वर फोम बसवतात. भारतात फोम घनतेच्या आकड्याने विकला जातो. आसनाला ४० घनतेचा आणि पाठीला त्याहून हलका फोम सहसा वापरतात. हलका फोम नवेपणी अधिक मऊ लागतो, पण आसनात घातला तर काही महिन्यांत खड्डा पडतो.

आच्छादनासाठी पीव्हीसीचे रेग्झीन सर्वाधिक वापरले जाते, कारण तेल आणि हळद लगेच पुसली तर ते डाग फारसे धरत नाही. कालांतराने अंगाचा घाम आणि जंतुनाशक यांमुळे ते कडक होऊन चिरते. पॉलियुरेथेनचे कृत्रिम चामडे हाताला अधिक मऊ लागते, पण त्याच्या हलक्या प्रती दमट हवेत खराब होतात आणि पापुद्रे सुटू लागतात. कोकणपट्टीत आणि मुंबईत ही अडचण ठळकपणे दिसते. कापड उन्हाळ्यात चिकटत नाही आणि आवाजही शोषते, मात्र डाग धरते. म्हणून पाठीचा वरचा भाग कापडाचा आणि आसन रेग्झीनचे अशी जोडणी अनेकदा करतात. कापडाचा टिकाऊपणा घर्षणचाचणीने मोजतात. अमेरिकेतील कंत्राटी वस्त्रउत्पादकांच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्दळीच्या जागेसाठी कापडाने वायझेनबीक चाचणीत ३०,००० दुहेरी घासण्या किंवा मार्टिनडेल चाचणीत ४०,००० घासण्या सहन कराव्यात, अशी अपेक्षा असते.

प्रकाश, हवा आणि आवाज

टेबल हलत नसल्यामुळे प्रत्येक बूथवर स्वतंत्र दिवा नेमका मधोमध टांगता येतो. तो टेबलापासून अडीच ते तीन फुटांवर ठेवला, तर प्रकाश ताटावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. मोबाइल चार्ज करण्यासाठी भिंतीकडच्या बाजूला प्लगही देता येतो. वातानुकूलन मात्र आधी आखावे लागते, कारण उंच पाठींच्या आत हवा कोंडते आणि झोत एकाच बूथवर पडत असेल, तर तिथला माणूस जागा बदलून बसू शकत नाही. आवाजाच्या बाबतीत गादीदार उंच पाठ दुहेरी काम करते. शेजारून थेट येणारे बोलणे ती अडवते आणि काही आवाज फोममध्ये शोषला जातो. फरशी, काच आणि उघडे छत असलेल्या दालनात हा फरक सहज जाणवतो.

मर्यादा आणि सुलभता

चारजणांच्या बूथमध्ये दोघे बसले की दोन आसने अडतात. ती दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. कुटुंबातले पाचजण आले, तर टोकाला जादा खुर्ची लावली जाते आणि मार्गिका अडते. म्हणून दालनात सगळेच बूथ नसावेत. भिंतीकडेला बूथ आणि मध्ये सुटी टेबले हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालते. दोघादोघांनी येणारे गिऱ्हाईक जास्त असेल, तर दोन आसनांचे अरुंद बूथ किंवा भिंतीलगतचे सलग बाक जास्त उपयोगी पडते.

दुसरी मर्यादा शरीराशी निगडित आहे. बाक आणि टेबल यांतले अंतर बदलत नसल्याने स्थूल व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि गुडघे न वाकणारी वयस्क माणसे यांना बूथ जाचतो. चाकाच्या खुर्चीला तर तिथे जागाच नसते. अमेरिकेतील दिव्यांगविषयक कायद्याच्या २०१० च्या मानकांनुसार जेवणाच्या जागांपैकी निदान ५ टक्के सुलभ असाव्या लागतात. तिथे टेबलाची उंची २८ ते ३४ इंचांच्या दरम्यान असावी आणि खाली गुडघ्यांसाठी २७ इंच उंच मोकळी जागा असावी, असे त्या मानकांत म्हटले आहे. भारतातही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा सार्वजनिक वापराच्या जागा सुलभ असण्याचा आग्रह धरतो. बूथचे एक बाक काढून तिथे सुटी खुर्ची ठेवणे, हा चाकाच्या खुर्चीसाठी सोपा उपाय आहे. मोकळ्या टोकाला चाकाची खुर्ची लावून मार्गिका अडवणे हा उपाय नव्हे.

आगीचा विचारही बूथच्या निवडीत येतो. पॉलियुरेथेन फोम पेटला की झपाट्याने जळतो आणि विषारी धूर सोडतो. मे १९७९ मध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात फोमच्या फर्निचरला लागलेल्या आगीत दहाजण दगावले. त्यानंतर ब्रिटनमध्ये फर्निचरच्या ज्वलनशीलतेबाबत कडक नियमांची मागणी वाढली आणि १९८८ साली घरगुती फर्निचरसाठी सविस्तर नियम आले. उपाहारगृहासाठी फोम आणि आच्छादन दोन्ही अग्निरोधक प्रतीचे घ्यावेत आणि जागेला पक्के बसवलेले बाक बाहेर पडण्याच्या वाटेत येऊ नये, एवढी काळजी निदान घ्यावीच लागते.

देखभाल

बूथ सगळीकडे सारखा झिजत नाही. मार्गिकेकडच्या आसनाची कड आधी फाटते, कारण भिंतीकडे बसणारासुद्धा तिच्यावरूनच सरकत जातो. त्यामुळे त्या कडेला दुहेरी शिवण आणि जाड आच्छादन देतात. चांगल्या बांधणीत आसनाची गादी उचलून काढता येते. तिच्याखाली साठलेले खरकटे रोज साफ होते आणि फाटल्यावर तेवढीच गादी कारागिराकडे पाठवता येते. गादी आणि पाठ यांच्यामध्ये थोडी फट ठेवली, तर अन्नकण घडीत न अडकता खाली पडतात. रेग्झीन सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे. तीव्र द्रावणांनी ते लवकर कडक होते. बूथ विकत घेताना किंवा बनवून घेताना आसन सुटे निघते का आणि त्याच रंगाचे आच्छादन पुढेही मिळेल का, हे दोन प्रश्न विचारावेत. सांगाडा भक्कम असेल, तर आच्छादन आणि फोम बदलून तोच बूथ पुन्हा वापरता येतो. सांगाडाच डगमगू लागला, तर वरवरची दुरुस्ती टिकत नाही आणि संपूर्ण बूथ बदलावा लागतो.